कोल्हापुरी चप्पल नेमकी कुणाची? मिलान, अथणी आणि आपण

पायताण

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा आज पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं चपलांचं दुकान आहे. आजोबांनी घातलेलं, आता वडील आणि मी बसतो. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या तिथल्या बड्या फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात आपली अंगठ्याची चप्पल दिसली आणि दुकानातला फोन थांबेना. तिकडं तिला नुसतं चामड्याचं सँडल म्हटलेलं. कोल्हापूरचं नाव नाही, देशाचंही नाही. सगळा जिल्हा खवळला, मीही खवळलो. मग प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांची आहे असं कंपनीनं कबूल केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ, दोघांशी करार झाला. इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे ठरले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

मला सांगायचंय ते त्या जूनमधलंच, पण आमच्या दुकानातलं. एक मुलगा मोबाईल पुढं धरून आत आला आणि मांडणीवरचा एक जोड उचलून वडिलांना म्हणाला, "काका, हे अस्सल कोल्हापूरचं ना?" वडील म्हणाले, "शंभर टक्के." तो जोड त्याच आठवड्यात अथणीकडनं, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातनं, आलेल्या पोत्यातला होता. पोतं मीच सोडलं होतं. वेणी इतकी बारीक की मध्ये नख शिरणार नाही. डाव्या पायाच्या तळाखाली निळ्या खडूनं एक कानडी आकडा होता. असे आकडे प्रत्येक जोडावर असतात. माल मांडणीवर लावायच्या आधी तेलाच्या फडक्यानं ते पुसायचे, हे काम चौथी-पाचवीत असल्यापासून माझ्याकडं आहे. आकडा कशाचा, हे मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मिलानवाल्यांनी नाव गाळलं म्हणून मी दिवसभर फोनवर तावातावानं बोललो होतो, आणि वीस-पंचवीस वर्षं माझ्याच हातानं काय पुसत होतो? २०१९ साली चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आपले, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार पलीकडचे. कागदावर आठ जिल्हे आहेत. दुकानाच्या पाटीवर एकच.

एकानं दुसऱ्याचं घ्यावं याला माझी हरकत नाही. घेतल्याशिवाय कुठलं गाव मोठं झालंय? पण घेताना देणाऱ्याचं नाव सांगायचं की नाही, एवढंच मला तुमच्याकडनं ऐकायचंय.

मंगळवारपेठकर

भावा, पोटतिडकीनं लिवलंयस, पन गल्लत करतोयस. मिलानवाल्यानं नमुना उचलला आणि कुणाला छदाम दिला नव्हता. तू अथणीच्या माणसाला जोडामागं रोख पैसं देतोस. मग चोरी कसली? पेठेचं नाव मालाला लागतंच की. गुळाचं बघ. सौदा निघतो मार्केट यार्डात, ढेप येते करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गुऱ्हाळातनं. तरी गूळ कोल्हापुरीच म्हणायचा. ह्या नावामागं कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या जीव काढलाय. ते नाव असं हातानं वाटून टाकू नगोस.

पायताण

दादा, दाखला गुळाचाच दिलात म्हणून बोलतो. कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकतात, यावर सगळ्यात जास्त आवाज आपलेच शेतकरी उठवतात. तिथं आपल्याला गाव महत्त्वाचं वाटतं. चपलेला मात्र पेठेचं नाव पुरतं. दोन वजनं झाली ही.

अथणीची_लेक

पायताणदादा, तुमचा धागा तीनदा वाचला. मी अथणीची. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला एकवीस वर्षं झाली. माहेरी चपलांचंच काम.

तो आकडा घराचा असतो. व्यापारी एका गावातल्या पाच-सहा घरांचा माल एकत्र उचलतो. हिशेबाला बसला की कुणाचे किती जोड हे कळायला प्रत्येक घर आपला आकडा घालतं. आमच्या घरचा आकडा सात होता. तुम्ही पुसलेल्यांत आमचेही असतील.

वेणी माझी आजी घालायची. चप्पल म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढं रापी आणि आरी घेऊन बसलेला बाप्या येतो. वेणीचं काम मात्र आमच्याकडं बहुतेक बायकांचं. आजी उंबऱ्याशी उजेडाला बसायची. मांडीवर ओलं फडकं, त्यात सुतासारख्या पातळ वाद्या. एक वादी दातात धरायची, बाकीच्या बोटांत, आणि मान न हलवता विणत जायची. दातात वादी असेपर्यंत बोलता येत नसे. घरात कुणी हाक मारली तर ती हुंकार द्यायची, आणि हुंकारावरून आम्हाला तिचा राग-लोभ कळायचा. वादी धरून धरून तिच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. ती गेली तेव्हा तोंडात पाणी घालताना मला ती खाच दिसली.

आम्हीही त्या चपलेला कोल्हापुरीच म्हणायचो हो. आजीही म्हणायची. तिला त्यात कमीपणा वाटत नसे. माल कोल्हापूरला जातो, म्हणजे चांगल्या ठिकाणी जातो, असं ती मानायची. ती स्वतः कोल्हापूरला एकदाच आली, अंबाबाईला. देवळाबाहेर चपला सोडायच्या जागी ती वाकून लोकांच्या चपलांच्या वेण्या बघत होती. वडील ओढून आत घेऊन गेले.

आणि एक लिहिते. सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली, "थांब, मी आलो." मी चपापले. शाळेत शिकलेल्या मराठीत बाई "आले" म्हणते. मग लक्षात आलं, कोल्हापुरातल्या किती बायका "मी गेलतो, मी केलतो" म्हणतात. कानडीत "नानु बंदे" म्हणजे मी आलो किंवा मी आले. बाई म्हणो की बाप्या, रूप एकच. मला तर माहेरचाच वारा लागल्यासारखं झालं. तूप घ्या, अडकित्ता घ्या, अण्णा-अक्का घ्या, हे शब्द आमच्याकडचे आहेत म्हणून कुणी तुमच्या घरातनं काढून मागत नाही. आता मीही बोलताना "आलो" म्हणते, फक्त लिहिताना "आले" येतं.

निपाणी_सीमावासी

इथं कानडी आकड्याचं कौतुक चाललंय ते मला सहज गिळवत नाही. १९५६ला राज्यं पाडली तेव्हापासून आमच्या घरात तीन पिढ्या मोर्च्यात गेल्या. वडिलांनी लाठ्या खाल्ल्या. मुलांच्या शाळेचं, दुकानाच्या पाटीचं, सरकारी कागदाचं, सगळं भाषेवरून अडतं. तुमच्याकडं कानडी हा गोडव्याचा विषय आहे. आमच्याकडं ती हुकूम होऊन येते. दोन्हीतला फरक एवढा तरी लक्षात असू द्या.

अथणीची_लेक

दादा, तुमचं दुखणं खोटं कोण म्हणेल? माझ्या आत्याचं घर निपाणीतच आहे. हुकूम म्हणून आलेली भाषा नकोशी होते, ती कुठलीही असो. माझे वडील व्यापाऱ्याशी मराठी बोलायचे, आईशी कानडी, आणि हिशेबाच्या वहीत दोन्ही. त्या वहीवर कुणाची सक्ती नव्हती. मी त्या वहीबद्दल बोलतेय.

टाऊनहॉल_फेरी

चर्चा चपलेवरून सुरू झाली आणि मला इटली दिसत राहिली, कारण कोल्हापूर आणि इटली यांचं नातं मिलानपेक्षा बरंच जुनं आहे.

कधी टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेलात तर एक वीतभर कांस्यमूर्ती शोधा. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत मिळालेली, रोमन व्यापाराच्या काळातली. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडं, घाट उतरून गेल्यावर. तरी त्यांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी येऊन राहिला. त्याला इथं कुणी पुजलं की नुसता देखणा म्हणून कोनाड्यात ठेवला, हे मूर्ती सांगत नाही. मी दर वेळी तिच्यापुढं जरा जास्त वेळ थांबतो.

मग १८७०. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडचा प्रवास करून परत येत होते. ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या शहरानं तोवर असा अंत्यविधी पाहिलेला नव्हता, पण परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. संगमावरच दहन व्हावं, हा आपला रिवाज परक्या मुलुखातही पाळता आला. १८७४ला तिथं स्मारक उभं राहिलं, छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा. पुढं जवळच मोठा पूल झाला, त्यालाही "इंदियानो" म्हणजे "भारतीय माणूस" असंच नाव पडलं. पुतळ्याखाली महाराजांचं नाव आहे, लोकांच्या तोंडी मात्र "तो भारतीय". पायताण, तुमच्या प्रश्नाची ही आणखी एक बाजू आहे. आठवण राहते आणि नाव गळतं, असंही होतं.

आणि खासबाग. शाहू महाराज १९०२ला विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहिलं, आणि १९१२ला कोल्हापुरात कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधला हौदा खोल आणि भोवतीची जमीन चढत गेलेली, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पैलवानाचा घोटा दिसतो. महाराजांनी कल्पना कुठून घेतली ते लपवलं नाही. आजही कोल्हापूरचं शाळकरी पोर सांगतं, हे रोमवरून सुचलंय. तरी खासबागेत बसल्यावर ते मैदान उसनं कुणालाच वाटत नाही.

कानाला_हात

टाऊनहॉल यांनी शेवटी जे लिहिलं त्याला धरूनच बोलतो. नाव सांगून घेण्याची रीत गाण्यात फार जुनी आहे. गवई गुरूचं नाव उच्चारताना हात कानाला लावतो. मैफलीत हे हजारदा बघितलंय, तरी तो हात वर गेला की आजही बरं वाटतं.

अल्लादिया खाँसाहेब मूळ राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या पदरी दरबार गवई म्हणून कोल्हापुरात राहिले, आणि जयपूर-अत्रौलीची गायकी या मातीत रुजली. त्यांच्याकडं शिकल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडं शिकले मल्लिकार्जुन मन्सूर, धारवाडजवळच्या मन्सूरचे, घरची भाषा कानडी. एका गायकीत राजस्थान, कोल्हापूर, गोवा आणि धारवाड, चारही आले. अण्णा मन्सूर कानडी वचनंही गायचे आणि जयपूरची अनवट रागमालाही, आणि गुरूंचं नाव घेताना त्यांचा कंठ दाटायचा, असं ऐकणारे सांगतात. त्यांचं गाणं कुणाचं, असं विचारलं तर उत्तरात तिघांचौघांची नावं येतात. एकाचंही नाव घेतल्यानं दुसऱ्याचं कमी होत नाही.

चपलेच्या धंद्यात अशी रीत का पडली नाही, हा खरा प्रश्न आहे.

रापी

का पडली नाही ते मी सांगतो. गवयाला दरबारात बसवलं होतं. चप्पल करणाऱ्याला ओट्याखाली उभं केलं होतं.

इतकं सगळं लिहून झालं, पण चप्पल ज्या कातड्याची होते ते कमावतो कोण, याबद्दल एक ओळ नाही. आमचा ढोर समाज. कातडं आधी चुन्याच्या हौदात. केस आणि मांस सुटलं की धुऊन बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात. तळाला लागणारं म्हशीचं जाड कातडं तर पिशवीसारखं शिवतात, आत साल भरून टांगतात, आणि वरून पाणी घालत राहतात. थेंब थेंब गळतं. कष घेतलेलं ते लालसर पाणी पुन्हा वर ओतायचं. माझ्या चुलत्यांची नखं जन्मभर तपकिरी होती. लग्नाला जायचं म्हटलं की लिंबानं घासायचे, तरी जायची नाहीत, मग पंगतीत हात धोतराच्या सोग्यात झाकून बसायचे.

अथणीचं नाव पुसलं म्हणून पायताणला झोप आली नाही, हे चांगलंच आहे. पण आमचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं, तर पुसणार कुठून?

कोल्हापूर आणि इटली बोलायला सोपं आहे. एकाच गावातल्या दोन गल्ल्यांचं बोला. गंगाराम कांबळे महाराजांच्या तबेल्यात चाकरीला होते. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन शहरात चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि स्वतःची गाडी तिथं थांबवून चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. चहा तरी आपला कुठं? इंग्रजी अमलात पसरलेलं पेय. पण त्या परक्या पेयाच्या कपातनं कोल्हापुरात जे घडलं ते आपल्या दह्या-ताकातनं शेकडो वर्षांत घडलं नव्हतं. दोन संस्कृती भेटतात म्हणजे काय, हे मला त्या कपात जास्त दिसतं.

पायताण

रापीदादा, वाचून गप्प बसलोय. तुमचं बरोबर आहे. माझ्या डोक्यात कातड्याचं नाव आलंच नव्हतं.

मंगळवारपेठकर

रापी, तुमचं वाचून रातभर इचार केला. मी वर लिवलं त्यातलं नाव वाटून टाकू नगोस हे मागं घेत न्हाई, पन थोडं येगळं सांगतो.

मी तालमीत वाढलोय. तालीम हा शब्दच अरबी, म्हंजी शिक्षण. वस्ताद म्हंजी उस्ताद. पैलवान फारसी. आमच्या पेठांच्या फुटबॉल टीमा बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. खेळ गोऱ्या सायबाचा, शब्द अरबस्तानचा, देव जेजुरीचा. शाहू स्टेडियमवर नायजेरियाचं पोरगं पेठेच्या टीमकडनं गोल मारतं तवा अख्खी पेठ त्याला खांद्यावर घेती. मोसमात तालमीजवळच ऱ्हायला असतंय. एकाला आमच्या आईनं तांबडा रस्सा वाडला, तर डोळ्यातनं पानी काढत तीन वाट्या प्याला. त्यानं तिला आई म्हनायला चालू केलं, कुनी शिकवलं न्हवतं. टीमच्या यादीत त्याचं नाव आमच्या पोरांच्या वळीतच छापतात. मग चपलेवर छापायला काय जातंय, हे मला आता पटतंय.

वळिवडे_रोड

एक भर घालतो. आमच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ जवळजवळ ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना घरातनं उचलून सैबेरियाकडं हाकललं होतं, तिथनं सुटून इथवर आले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. ते गेल्यावर त्याच बराकी फाळणीत घर गमावलेल्या सिंध्यांना मिळाल्या. आज सगळा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो, ते हेच. एका बेघराच्या खोलीत दुसरा बेघर आला आणि त्यानं बाजारपेठ उभी केली.

पोलिश लोकांनी नाव ठेवलं बरं का. वॉर्सामध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि आपल्या महावीर गार्डनमध्ये त्यांचं. आमच्या गावात मात्र त्या बराकी कुठं होत्या हे दाखवायला आता मोजकीच म्हातारी माणसं उरलीत.

पायताण

मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय. उगाच आश्वासनं लिहायची नव्हती, म्हणून थांबलो.

वडिलांशी बोललो. आधी म्हणाले, आकडा राहिला तर माल डागी वाटतो. मी गप्प बसलो. जेवण झाल्यावर स्वतःच म्हणाले, "तुझ्या आजोबांनी मला आकडा पुसायला सांगितला तो डागासाठी नव्हे. घर कळलं की दुसरा व्यापारी थेट त्या घरी जातो." इतकी वर्षं जे कारण मला कुणी सांगितलं नाही ते हे. धंदा असा चालतो हे मलाही कळतं, आणि या दुकानावरच मी शिकलो हेही खरं. वडिलांना खलनायक करायला मी इथं आलो नाही.

मग अथणीकडच्या आमच्या कारागिरांना फोन केला. चपलेला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची, त्यावर तुमचं नाव आणि गाव घालायचं, असं सांगितलं. ते बराच वेळ बोलेनात. मग विचारलं, "नाव बघून दुसरं कोण माझ्या दारात आलं, आणि मी त्याला माल दिला, तर तुम्ही आमचा माल बंद करणार का?" मी वडिलांकडं फोन दिला. वडील म्हणाले, "त्यानं जास्त भाव दिला तर मला सांगा, मी बघतो." एवढंच. पण पलीकडनं हसू ऐकू आलं.

फोन ठेवताना ते म्हणाले, "वेणी माझी नाही, हिची आहे. हिचं नाव घालता का?" आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

पहिल्या लॉटला बारा जोडांना चिठ्ठ्या बांधतोय. नावं मराठीत आणि कानडीत, दोन्हीत घालायचं ठरलंय. रापीदादा, तळाचं कातडं तुमच्या बाजूचं असेल तर तिसऱ्या नावाला जागा सोडलीय. कुणाकडनं घ्यायचं, भाव काय, ते सगळं तुमच्याशी बसून बोलायचंय, या रविवारी वेळ असेल तर. आणि अथणीच्या ताई, तुमच्याकडं एक काम आहे. ती दोन नावं कानडीत कशी लिहायची ते कागदावर घालून फोटो पाठवाल का? मला अक्षर येत नाही, आणि चुकीचं छापायचं नाही.

रापी

रविवारी या. दुपारनंतर. कातडं टांगलेलं असेल, ते बघूनच बोलू.

अथणीची_लेक

पाठवते. पण आधी त्या बाईंना विचारा, नाव माहेरचं लावायचं की सासरचं. माझ्या आजीला कुणी विचारलं असतं तर तिनं माहेरचं सांगितलं असतं, वेणी ती तिथं शिकली होती.